खंडेनवमीनंतरच्या फाइली

सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पहिली नेटवर्क केबल मी ओढली. हे मी कोणालाही, कोणी न विचारता, सांगत असे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथं इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो होतो. ऑफिसात चार कॉम्प्युटर आले, ते एकमेकांना जोडायचे होते आणि शिडीवर चढून छताखालून वायर कोण नेणार, तर मी. मग वायर नेता नेता पुढचंही शिकलो. लिनक्स तर मी घरीच शिकलो, नाशिकला इंदिरानगरच्या दोन खोल्यांत, मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून. तीन वेळा हार्ड डिस्क पुसून बसलो. बायकोच्या भावाच्या लग्नाच्या फोटोंचा अल्बम त्यात गेला. ती अजून मधून मधून त्याचा उद्धार करते.

हे सगळं सांगायचं कारण असं की पुढं जे मी केलं, ते करणाऱ्या माणसाला आपण फार अन्याय सोसलाय असं मनापासून वाटत होतं. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. आमच्या कॉम्प्युटर विभागाचे इन्चार्ज आखातात नोकरी लागली म्हणून निघून गेले. चार महिने ते काम मीच ओढत होतो, पण पत्र नव्हतं. साहेब, म्हणजे आमचे प्लांटचे मुख्य, म्हणाले होते, "दिवाळीच्या आत पत्र काढतो." मी घरी सांगून टाकलं. सासुरवाडीला निफाडलाही कळलं. आणि श्रावणात साहेबांनी एक मुलगी आणून माझ्या शेजारच्या टेबलावर बसवली.

चोवीस वर्षांची. मूळची सटाण्याकडची, पण इंजिनिअरिंग पुण्याला केलेलं आणि तिथंच एका सॉफ्टवेअर कंपनीत दीड वर्ष काढलेलं. वडील आजारी म्हणून घराजवळ आली होती. सहा महिने प्रोबेशन. साहेबांनी ओळख करून देताना म्हटलं, "मॅडमना लिनक्स चांगलं येतं." अहो, मला काय वाईट येत होतं? पण माझ्याबद्दल असं कोणी कधी, कोणापुढं म्हटलं नव्हतं. मला 'वायरवाले' म्हणत. प्रेमानं म्हणत, पण म्हणत.

मी जळत होतो. त्याला दुसरा शब्द नाही आणि आता या वयात शोधायचाही नाही. तिचा डबा उघडला की अख्खं ऑफिस तिच्या टेबलाभोवती, त्याचीसुद्धा मला जळजळ व्हायची. आमच्या ऑफिसातला शिपाई, ज्याला दहा वर्षं मी माझ्या चहाची आठवण करून द्यायचो, तो तिला न सांगता कमी साखरेचा आणून द्यायचा. वर मलाच सांगायचा, "सर, मॅडम लय हुशार हाय बरं का." मी म्हणायचो, "असेल बाबा." आणि तो गेला की चहा तसाच ठेवून द्यायचो.

त्या वर्षी एक दुखणं मागं लागलं होतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दुपारच्या जेवणानंतर, अख्ख्या कारखान्याचं नेटवर्क अडकायचं. दहा-पंधरा मिनिटं कोणाचा कॉम्प्युटर हलायचा नाही. गेटपास छापला जायचा नाही, फाटकाशी ट्रक तटून राहायचे, ड्रायव्हर लोक आमच्या सात पिढ्या काढायचे. मग आपोआप सगळं सुरू. मी केबली तपासल्या, स्विच बदलून पाहिला. पण अडकायची वेळ आधी कळायची नाही आणि आपण पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असायचं.

साहेबांनी बैठक घेतली. ती म्हणाली, "सर, आपण एक वेगळं मशीन ठेवू. फक्त ऐकणारं. नेटवर्कवरून जे जे जातं ते सगळं ते पकडून फाइलमध्ये भरून ठेवील. अडकलं की त्या वेळेची फाइल उघडून बघायची, त्या दहा मिनिटांत कोण काय बोलत होतं ते." साहेब खूश. "दिवाळीची डिस्पॅच सुरू व्हायच्या आत करा. हे सापडलं की विभागाचं काय ते ठरवूनच टाकू." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही मॅडमना केबलचं बघून द्या."

केबलचं! मला नाकात मिरच्या गेल्यासारखं झालं. मी "हो साहेब" म्हणालो. विभागाचं काय ते ठरवू, म्हणजे पत्र कोणाला ते ठरवू, हे न कळायला मी काही दुधखुळा नव्हतो.

तिनं तो सर्व्हर उभा केला तो मी तिच्या पाठीशी उभा राहून पाहिला. तिची चूक निघावी म्हणून पाहत होतो, खोटं कशाला बोला. तिनं एक जुनं पण दणकट मशीन घेतलं, त्यावर लिनक्स टाकलं, तेही अगदी नेमकं लागेल तेवढंच. खिडक्या-बिडक्यांचं चित्रमय काही नाही, छपाई नाही, मेल नाही. मी म्हटलं, "एवढं सगळं काढून टाकलं?" ती म्हणाली, "याला दुसरं कुठलं कामच नको, सर. दुसऱ्या कामात गुंतलं की ऐकताना काहीतरी निसटतं." पकडलेल्या फाइलींसाठी डिस्कचा वेगळा भाग केला, म्हणजे त्या कितीही फुगल्या तरी बाकीचं मशीन गुदमरणार नाही. दर तासाला नवी फाइल, नावातच तारीख आणि वेळ. जागा संपत आली की सगळ्यात जुनी आपोआप पुसायची. घड्याळ बाकीच्या मशीनशी मिळवून घेतलं.

नेटवर्क कार्डं दोन बसवली. एकावरून आपण मशीनमध्ये शिरायचं, दुसरं फक्त ऐकायला. मी त्या दुसऱ्या कार्डालाही पत्ता द्यायला निघालो, तर ती हळूच म्हणाली, "त्याला नको, सर. त्यानं तोंडच उघडायचं नाही." शिपाई तिथंच फरशी पुसत होता. तो हसला. ती चूक माझी निघाली, तीही त्याच्यासमोर, आणि मी आठवडाभर त्या शिपायाशी धड बोललो नाही.

खरं सांगायचं तर काम देखणं होतं. मला तसं जमलं नसतं. मला जमलं असतं ते चालणारं, पण असं स्वच्छ नाही. हेच तर खुपत होतं. ती माठ असती तर मी तिला दिवसभर शिकवलं असतं, डब्यातली भाजी दिली असती, लेकीसारखं वागवलं असतं.

घरी बायको म्हणाली, "अहो, त्या पोरीचं नाव काढलं की तुमचं तोंड वाकडं होतं. काय केलंय तिनं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि ते अगदी खरं होतं.

सर्व्हर सुरू झाला. पासवर्ड आम्हा दोघांनाच ठाऊक. पहिला आठवडा नेटवर्क काही अडकलं नाही, तशी ती फाइली नुसत्या तपासत राहिली. आणि एक दिवस ती जेवायला गेली असताना मी मशीनमध्ये शिरून जरा इकडंतिकडं पाहिलं, आणि मला हवं ते सापडलं. पकडायचं सॉफ्टवेअर तिनं हातानं सुरू केलं होतं. मशीन बंद होऊन परत चालू झालं तर ते आपोआप सुरू व्हावं, त्यासाठी स्टार्टअपमध्ये एक ओळ टाकावी लागते. ती ओळ नव्हती. ती पुढं टाकणार असावी, राहून गेलं असावं. पुण्याच्या कंपनीत सर्व्हर कधी बंदच होत नसत, तिला ती सवयच नव्हती. एक ओळ. मी तिथल्या तिथं टाकू शकलो असतो. निदान तिला सांगू शकलो असतो. मी ते खिशात घालून ठेवलं.

अष्टमीच्या आदल्या दिवशी ती रजेवर गेली, दसऱ्याला सटाण्याला घरी. जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "सर, तेवढं मशीनकडं लक्ष ठेवाल ना? काही वाटलं तर घरचा नंबर या कागदावर लिहिलाय." मी म्हणालो, "अहो, जा निर्धास्त. मी आहे."

आता आमच्या कारखान्याची रीत सांगतो. खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार त्या दिवशी चालवायचं नसतं. लेथ, प्रेस, ड्रिल, सगळं दुपारी बारा वाजता बंद. पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ. कॉम्प्युटर आले तेव्हा कोणीतरी म्हणालं, ऑफिसवाल्यांचं हत्यार ते हेच. तेव्हापासून कॉम्प्युटरही बंद, सर्व्हरसकट. दसऱ्याची सुट्टी आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी चालू. हा मान माझा. पहिल्या वर्षापासून सर्व्हरच्या खोलीत बंद करणं, पूजा करणं, परत चालू करणं मीच करतो. नारळ तेवढा बाहेर फोडायचा, पाणी उडतं म्हणून. हे तिला ठाऊक नव्हतं. आल्यापासून तिची पहिलीच खंडेनवमी, आणि तिला कोणी सांगितलंही नव्हतं. कोणी म्हणजे मी.

बारा वाजता मी एकेक मशीन नीट बंद करत गेलो. तिच्या सर्व्हरसमोर आलो तेव्हा मला सगळं आठवत होतं. पुढं कोणी म्हणालं असतं की गडबडीत विसरला असाल, तर मला बरं वाटलं असतं, पण मी विसरलो नव्हतो. मी तो बंद केला, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, माळ घातली आणि हात जोडले. शिपायानं प्रसादाचे पेढे वाटले. मी दोन घेतले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी मशीनं चालू केली. माझ्या टेबलावरून तिच्या सर्व्हरमध्ये शिरलो आणि एक कमांड दिली, पकडायचं सॉफ्टवेअर चालू आहे का, ते दाखवणारी. नव्हतं. दिवे मात्र लुकलुकत होते. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बेटं इमानेइतबारे ऐकतंय. मी बाहेर पडलो आणि चहा मागवला.

आणि नेमकं त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत नेटवर्क तीनदा अडकलं. दिवाळीचा माल निघत होता, फाटकावर ट्रकांची रांग. साहेब तापलेले, पण मनातून निर्धास्त, "आता मशीन आहे, सापडेल." मुंबईच्या हेड ऑफिसातून एक मोठे अधिकारी आले होते, त्यांनाही दाखवायचं ठरलं. ती रजेवरून आली त्याच दिवशी. कंपनीच्या बसमधून उतरली ती थेट सर्व्हरच्या खोलीत बोलावली गेली. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिनं खाली ठेवली नव्हती.

खोलीत आम्ही चौघं. तिनं फाइलींची यादी काढली. खाली गेली. आणखी खाली. शेवटची फाइल खंडेनवमीची, सकाळी अकराची. त्यापुढं काही नाही.

"हे काय?" साहेब म्हणाले.

ती गोरीमोरी झाली. तिनं मशीन कधी चालू झालंय ते पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. तोवर तिला एवढंच कळलं होतं की मशीन मध्ये बंद झालं होतं. मी म्हणालो, "खंडेनवमीला आपल्याकडं सगळं बंद ठेवतात, मॅडम. रीत आहे." केवढा समजूतदार आवाज होता माझा!

"चूक माझी आहे," ती साहेबांना म्हणाली. "आपोआप सुरू व्हायची सोय मी करायला हवी होती. राहिली." मुंबईच्या साहेबांनी घड्याळात पाहिलं. आमच्या साहेबांनी त्यांना कँटीनकडं नेलं. जाताना ते तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत, आणि मला आतून इतकं गार वाटलं म्हणून सांगू! लाज वाटायला पाहिजे होती. ती नंतर आली.

नंतर म्हणजे त्याच दुपारी. तिनं सगळं नीट करून, ती ओळ टाकून, मशीन दोनदा बंद-चालू करून पाहिलं होतं. ती जेवणाआधी हात धुवायला उठल्यावर मी उगाच त्यात शिरलो. लिनक्समध्ये कीबोर्डवरचा वरचा बाण दाबत गेलं की आधी दिलेल्या कमांड शेवटून एकेक दिसत जातात, कोणीही दिलेल्या असोत, कारण आम्ही दोघं एकाच नावानं शिरत होतो. मी दाबत गेलो. आधी तिच्या. मग एक कमांड आली, यापूर्वी कोणकोणत्या कमांड दिल्या गेल्या ती यादी दाखवणारी. तीही तिचीच. त्याच्यामागं अजून एक, कोण कधी आणि कुठल्या कॉम्प्युटरवरून मशीनमध्ये शिरलं ते दाखवणारी. आणि आणखी मागं माझ्या दोन. बाहेर पडलो ती. आणि तिच्या आधीची, सॉफ्टवेअर चालू आहे का, ती.

म्हणजे तिला कळलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माझ्या टेबलावरून, मी बघितलं होतं आणि बघून निघून गेलो होतो. माझे कान तापले. आता ही उठेल आणि साहेबांकडं जाईल, म्हणून मी तिच्याकडं बघत बसलो. ती परत येऊन डबा उघडून जेवत होती.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी दुपारी नेटवर्क अडकलं आणि या वेळी मशीन ऐकत होतं. ते सुटल्यावर ती फाइल उघडून बसली आणि दहा मिनिटांत म्हणाली, "सर, एकच संदेश हजारो वेळा फिरतोय. कुठंतरी केबलचं वेटोळं झालंय, दोन्ही टोकं एकाच डबीत. डिस्पॅचच्या बाजूनं येतंय. नेमकी कुठली केबल, ते तुम्हालाच सापडेल." मी गेलो. डिस्पॅचच्या टेबलाखाली नेटवर्कची डबी होती आणि माल तपासायला येणाऱ्या पाहुण्याच्या लॅपटॉपसाठी तिथं एक केबल मोकळी सोडलेली होती. पाहुणा जेवून निघून गेला की तिथला कामगार ते मोकळं टोक उचलून त्याच डबीत खोचायचा. "लोंबत ऱ्हातं, पायात येतं, म्हून खोचतो," तो म्हणाला. "काय बिघडलं का?" आणि कॉम्प्युटर अडकला की वैतागून तोच डबीच्या सगळ्या वायरी उपटून परत लावायचा, तेव्हा ती एक मोकळी राहून जायची. मी ती केबल हातात गुंडाळत बाहेर आलो आणि समोरून साहेब आले.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मी जिन्यावरच ठरवलं होतं, आता सांगून टाकायचं. खंडेनवमीचं, कमांडचं, आणि केबलचं वेटोळं तिनं ओळखलं हेही. मनात वाक्यंसुद्धा जुळवली होती. आत गेलो तर टेबलावर पाकीट. साहेब म्हणाले, "शेवटी अनुभव तो अनुभव. मॅडम हुशार आहेत, पण मशीन चालू आहे का तेच बघायला विसरल्या. अशानं विभाग कसा चालायचा?"

बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "होतं असं, साहेब. नवीन आहेत. शिकतील."

"बघा, तुमचं मन मोठं आहे," साहेब म्हणाले आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

तिचं प्रोबेशन आणखी सहा महिने वाढलं. तिनं माझं अभिनंदन केलं, सगळ्यांबरोबर पेढा घेतला. पुढं दोन-अडीच महिने आम्ही शेजारी शेजारी बसलो. ती पूर्वीसारखंच "सर" म्हणायची, काम चोख करायची. मला वाटलं होतं, पत्र मिळालं की जळणं थांबेल. कसलं थांबतंय! आता तर ती गप्प बसते याचीच मला असूया वाटू लागली. मी तिच्या जागी असतो तर अख्ख्या कारखान्यात बोंब मारली असती.

मग तिला पुण्याला परत नोकरी लागली. शेवटच्या दिवशी तिनं मला किल्ल्या दिल्या, पासवर्ड बदलून कागदावर लिहून दिले, प्रत्येक मशीनची माहिती वहीत मांडून दिली. संध्याकाळी आमची रोजची, नाशिकला जाणारी कंपनीची बस फाटकाशी उभी होती. ती चढणार एवढ्यात मी तिला थांबवलं. म्हटलं, "तुम्ही साहेबांना सांगितलं का नाही?"

कशाबद्दल, ते तिनं विचारलं नाही. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही सांगाल. रोज वाटायचं, आज सांगतील."

ती बसमध्ये चढली. ड्रायव्हरनं माझ्यासाठी हॉर्न दिला. मी हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं आणि चालत फाट्यावर जाऊन जीप धरली.